गच्चीची गळती: कोटिंगच्या आधी काय बघायचं?

चिरेबंदी | ८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

रत्नागिरी तालुका, समुद्रापासून सरळ रेषेत दीड किलोमीटर. जांभ्याच्या भिंतींचं तळमजल्याचं घर, वर पाच इंची सपाट स्लॅब, २००१ सालचा. गच्ची ११ मीटर बाय ८.४५ मीटर, म्हणजे ९३ चौरस मीटर, हजार चौ. फूट धरा. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा साडेचार इंची कोबा, त्यावर चौकोन पाडलेला सिमेंटचा थर. चारी बाजूंनी तीन फुटी जांभ्याचा कठडा. पाणी जायला नैऋत्य कोपऱ्यात ७५ मिमीचा एकच पाइप.

ओल तीन जागी आहे. पश्चिमेच्या कठड्याखाली भिंत वरून खाली भिजते, तीही पावसाच्या पहिल्याच आठवड्यात. टाकीच्या खांबाभोवती छताला गोल डाग आहे. आणि हॉलच्या मधोमध छताला तांबूस डाग, पोपडे, दोन ठिकाणी सळी उघडी.

चार कोटेशनं आली आहेत:
अ) पांढरं ॲक्रिलिक कोटिंग, जाळीसकट, दोन हात. माल २० लिटरच्या चार बादल्या.
आ) आहे त्या कोब्यावर ३ मिमी डांबरी मेम्ब्रेन (चादर), गॅसच्या ज्योतीने चिकटवून.
इ) जुन्या कोब्यावर नवा कोबा.
ई) सगळं सोडा, वर पत्र्याची शेड मारा.

यातलं कोणतं घ्यावं? मेअखेरीपर्यंत काम संपायला हवं.

ओळंबा | ८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

चौघांनीही पाणी का थांबतं हे विचारलेलं दिसत नाही. तुम्ही लिहिलेली तीन ठिकाणं हे तीन वेगळे आजार आहेत, एका औषधाने बरे होणार नाहीत.

आधी निचऱ्याचा हिशेब. कोकणात तासाला १०० मिमीची सर धरूनच चालावं. ९३ चौरस मीटरवर तासाला १०० मिमी म्हणजे ९३०० लिटर. राष्ट्रीय इमारत संहितेत पावसाच्या पाइपांचा तक्ता आहे. त्याप्रमाणे या तीव्रतेला ७५ मिमीचा पाइप साधारण २० चौरस मीटर छताचं पाणी नेतो, १०० मिमीचा साधारण ४३. म्हणजे तुमचा पाइप गरजेच्या पाव हिश्श्याहूनही कमी. त्यात आंब्याची दोन पानं अडकली की गच्चीचं तळं झालं. अशा गच्चीवर कुठलंही कोटिंग लावा, ते पाण्याखालीच राहणार.

११० मिमीचे तीन पाइप लागतील. दोन पश्चिमेला, एक पूर्वेला, किंवा घराच्या पागोळ्या जिकडे चालतील तसे. शिवाय पाइपच्या तोंडापेक्षा ५० मिमी उंच, कठड्यातून आरपार एक पन्हळ ठेवा. जाळी तुंबली तर पाणी तिथून बाहेर पडेल, आणि खाली धार दिसली की तुंबल्याचंही कळेल.

आता ढाळ मोजा. पाण्याची पारदर्शक नळी घ्या, मध्यापासून चारही कोपऱ्यांपर्यंत मोजा आणि आकडे इथे टाका.

थापी | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

चिरेबंदीनू, आदी एक काम करा. कठड्याच्या माथ्यार बादलीभर पाणी ओता नि खंय जाता तां बगा. जांभो पाणी पिता, ह्यां कोकणात कोणाक सांगूक नको.

पुढचां माप सगळ्यांक कळाचां म्हणान साध्या मराठीत लिवतंय.

पश्चिमेकडून झड लागते. कठड्याचा माथा सपाट असेल किंवा बाहेरून गिलावा नसेल तर पाणी जांभ्यात शिरतं, आतल्या आत उतरतं आणि गच्चीवरच्या कोटिंगच्या खालून भिंतीत निघतं. वरून कितीही रंगवा, पाणी मागच्या दाराने येतं. पहिल्याच आठवड्यात ओल दिसते, म्हणजे वाट ही कठड्याचीच. कोबा भरून पाणी उतरायला जास्त दिवस जातात.

कठडा आत, बाहेर आणि माथ्यावर, तिन्ही बाजूंनी बंद करायचा. जुना पोकळ गिलावा काढायचा, सांधे अर्धा इंच खोल उकरायचे, जांभा आदल्या दिवशी भिजवून ठेवायचा. सकाळी एकास दोन सिमेंट-रेतीचा पातळ छपका मारायचा, तो खरखरीतच सोडायचा. दुसऱ्या दिवशी एकास चार, १२ ते १५ मिमी गिलावा. वॉटरप्रूफिंगचं पातळ औषध ५० किलोच्या गोणीला २०० मिली. जास्त घालून जास्त फायदा होत नाही. माथ्याला उतार गच्चीकडे द्यायचा, बाहेर नाही, आणि बाहेरच्या कडेला खालून १२ मिमीची खाच ठेवायची म्हणजे थेंब भिंतीला न चिकटता सुटून पडतो. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. ही खाच दहातले आठ मेस्त्री विसरतात.

चिरेबंदी | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

मोजलं. ११ मीटरच्या लांबीत पाइपकडे फक्त ३० मिमी उतार. मधे साधारण आठ फूट व्यासाची खोलगट जागा आहे, तिथे १५ मिमी पाणी उभं राहतं. कठड्याचा माथा सपाट, बाहेरून गिलावा नाही, नुसती दर्जा भरलेली आहे. कोब्यावर हातोडीने ठोकलं तर निम्म्या भागात भद्द आवाज येतो.

ओळंबा | ९ फेब्रुवारी, रात्री ८:१०

१:१०० म्हटलं तरी ११ मीटरला ११० मिमी उतार हवा होता. तुमच्याकडे ३० आहे. आणि ती खोलगट जागा नेमकी हॉलच्या वर आहे ना? तिथेच सळी उघडी पडली, हा योगायोग नाही.

निम्मा कोबा पोकळ वाजतो, म्हणजे तो स्लॅबपासून सुटलाय आणि खाली पाणी फिरतंय. कोब्यात एकदा पाणी शिरलं की ते वरच्या भेगेखालीच गळत नाही, स्लॅबवरून आडवं जातं आणि स्लॅबची कच्ची जागा सापडेल तिथे उतरतं. म्हणून वरची भेग आणि खालचा डाग यांचा मेळ कधी लागत नाही. हा कोबा काढावा लागेल.

स्लॅबवाला | ९ फेब्रुवारी, रात्री ९:००

असहमत. कोब्याला उगाच बदनाम करू नका. नीट केलेला कोबा पंचवीस-तीस वर्षं टिकतो, उन्हापासून स्लॅबचं रक्षण करतो, वर मिरच्या-कोकमं वाळत घाला, काही होत नाही. कोटिंगवर नारळाची झावळ पडली तर फाटतं. कोबा बिघडतो तो कामात: वीट कच्ची, तुकडे आडवे टाकलेले, खालचा थर कोरडा, पाणी कमी मारलेलं. पक्की भाजलेली वीट, २४ तास भिजवलेली, तुकडे उभे, खाली २० मिमी एकास पाचचा थर, सांध्यांत एकास चार, तीन दिवस पाणी साठवून बघितलेलं आणि मग वरचा थर. एवढं करा, गळला तर सांगा.

ओळंबा | ९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

कामाची पद्धत तुम्ही अगदी बरोबर लिहिलीत, त्यात वाद नाही. माझी हरकत वजनाला आहे. ११५ मिमीचा कोबा घनमीटरला २००० किलोने धरला तर चौरस मीटरला २३० किलो. भिजला की त्याहून जास्त. वापरात असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला १५० किलो चल भारावर (माणसं, सामान) डिझाइन करतात, फिनिशचं वजन वेगळं धरून. एक कोबा डिझाइनमध्ये धरलेला असतो. कोटेशन 'इ' प्रमाणे त्यावर दुसरा घातला तर आणखी २३० किलो, तेही सळ्या गंजलेल्या स्लॅबवर. हे कोणीही करू नये. जुना कोबा काढून नवा घालणं हा वेगळा विचार आहे.

आणि वीट. कोकणात भिंती जांभ्याच्या, त्यामुळे चांगली वीट घाटावरून येते आणि महाग पडते. मग कोणीतरी जांभ्याच्या कपच्याच कोब्यात घालतो. ती पाणी साठवणारी गादी होते.

माझा पर्याय: कोबा काढून स्लॅबवर थेट वॉटरप्रूफिंग आणि त्यावर बारीक खडीच्या काँक्रीटचा ढाळाचा थर. पाइप दोन्ही लांब बाजूंना दिले की पाण्याची वाट ११ ऐवजी सव्वाचार मीटर होते. मधे पाठ, दोन्हीकडे १:८० ढाळ. कडेला २५ मिमी जाडी धरली तर पाठीवर साधारण ७८ मिमी, सरासरी ५० च्या आसपास. म्हणजे चौरस मीटरला १२० किलो, कोब्याच्या निम्म्याने. माल पावणेपाच घनमीटर, पावणेदोन ब्रासच्या आत.

स्लॅबवाला | ९ फेब्रुवारी, रात्री १०:२०

वजनाचा मुद्दा मान्य. दुसरा कोबा नको, याला अनुमोदन. पण काढताना ब्रेकर मशीन लावू देऊ नका. पाच इंची जुन्या स्लॅबवर हादरे बसले तर खालचे उरलेले पोपडेही गळून पडतील आणि नव्या भेगा येतील. छिन्नी-हातोडा, कडेकडून मधे. राडारोडा गच्चीच्या मधे ढीग करून ठेवायचा नाही, रोजच्या रोज खाली. ९३ चौरस मीटरचा साडेचार इंची कोबा म्हणजे वीस टनांच्या पुढे माल आहे, ट्रॅक्टरच्या खेपा आधी ठरवून घ्या.

खारा_वारा | १० फेब्रुवारी, दुपारी १:३०

सगळे गच्चीवर चढलेत, हॉलमध्ये कोणी बघत नाही. तांबूस डाग आणि उघडी सळी हे वॉटरप्रूफिंगचं काम नाही, ते गंजाचं काम आहे आणि ते आधी.

लोखंड गंजलं की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होतं. तो दाब काँक्रीटला खालून फोडतो. किनाऱ्यावर गंजाचं मूळ क्लोराइडमध्ये, म्हणजे मिठात असतं. ते वाऱ्याबरोबर येतं आणि जुन्या घरांत बऱ्याचदा काँक्रीटच्या आतच असतं, कारण खाडीची हातपाटीची रेती न धुता वापरलेली. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे सळईच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड नको, आणि कालवायच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. त्याच मानकात किनाऱ्यालगतच्या हवेसाठी सळीवर ४५ मिमी काँक्रीटचं आवरण सांगितलंय. त्या काळच्या घरगुती स्लॅबांत १५-२० मिमी सापडलं तरी नशीब.

तपासणी अशी करा. छत हातोडीने फूट-फूटभर अंतरावर ठोका, पोकळ जागा खडूने आखा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारा. गुलाबी झालं तर तिथला, सळीला गंजापासून जपणारा अल्कधर्म शाबूत आहे, रंग नाही आला तर तो संपलाय. पण लक्षात ठेवा, ही चाचणी मीठ दाखवत नाही. क्लोराइडसाठी ड्रिलने ०-१५, १५-३०, ३०-४५ मिमी अशा खोलींची भुकटी वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन प्रयोगशाळेत द्यावी लागते. वरच्या थरात जास्त आणि आत कमी निघालं तर मीठ हवेतून आलंय. सगळीकडे सारखंच निघालं तर रेतीतून, आणि मग दुरुस्तीचं आयुष्य कमी धरायचं.

चिरेबंदी | १० फेब्रुवारी, रात्री ८:४५

पोकळ जागा आखल्या. हॉलमध्ये सहा, सगळ्या मिळून साधारण ४ चौरस मीटर. सळी १० मिमीची आहे, उघड्या जागी गंज घासल्यावर ९ च्या वर भरते. दुरुस्ती कशी?

खारा_वारा | १० फेब्रुवारी, रात्री १०:१५

९ च्या वर असेल तर सळी वाचली. सळीच्या छेदाचं क्षेत्रफळ पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त खाल्लं गेलं असतं तर बाजूला नवी सळी जोडावी लागली असती, आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय करायचं नाही.

आधी खालून छताला आधाराचे जॅक लावा. कोबा काढायच्याही आधी. मग पोकळ काँक्रीट काढा, सळीच्या मागेही १५-२० मिमी, म्हणजे बोट फिरलं पाहिजे. गंज जिथे संपतो त्याच्या पुढे ५० मिमी स्वच्छ सळी दिसेपर्यंत जा. कडा तिरक्या न ठेवता काटकोनात कापा, पातळ निमुळती कड पहिल्या उन्हाळ्यात सुटते. तार ब्रशने सळी पांढरी करा, गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, त्याच दिवशी झिंकयुक्त किंवा सिमेंट-पॉलिमरचा गंजरोधक हात द्या. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर खाऱ्या हवेत सकाळी पुन्हा तांबूस झालेली दिसेल.

मसाला: सिमेंट ५०, धुतलेली रेती १५०, एसबीआर लॅटेक्स (मसाल्यात घालायचं रबरी द्रव) साडेसात ते दहा किलो, पाणी लागेल तेवढंच. आधी जुन्या काँक्रीटवर सिमेंट आणि लॅटेक्सची घट्ट स्लरी ब्रशने घासायची आणि ती ओली असतानाच मसाला दाबायचा. स्लरी वाळली की ती जोडत नाही, उलट वेगळं करते. छताला एका थरात १२ मिमीच्या वर नको, वजनाने खाली येतो.

एक गोष्ट कंत्राटदार सांगत नाहीत. काँक्रीटमध्येच मीठ असेल तर दुरुस्त केलेल्या चौकोनाच्या अगदी कडेला दोन-तीन वर्षांनी नवा गंज येतो, कारण आता तिथली जुनी सळी त्या जोडीत कच्ची ठरते. म्हणून वरून पाणी तोडणं महत्त्वाचं. ओल कमी झाली की गंजाचा वेग पडतो.

बादलीमोज्या | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:००

कोटेशन 'अ' बद्दल. चौ. फुटाचा भाव विचारू नका, बादल्या मोजा.

१ लिटर रंग १ चौरस मीटरवर पसरला की १ मिमी ओला थर होतो. ॲक्रिलिकमध्ये आकारमानाने निम्मा घन भाग धरला तर वाळून अर्धा मिमी उरतो. छतासाठी १ मिमी सुकी जाडी हवी, म्हणजे चौरस मीटरला २ लिटर. तुमची गच्ची ९३, शिवाय कठड्यावर ३०० मिमी उंच चढवायचं. परीघ ३८.९ मीटर, म्हणजे आणखी साडेअकरा-बारा. एकूण १०५ चौरस मीटर, २१० लिटर, अकरा बादल्या. तो चार आणतोय. ८० लिटर १०५ मीटरवर म्हणजे सुकून ०.३८ मिमी. त्यात जाळी बुडतसुद्धा नाही, धागे वर दिसतात, दोन पावसांत धाग्यांच्या रेषेने सोलपटं निघतात. त्यात 'पाणी घालून पातळ करून पहिला हात' हे आलंच.

करारात 'दोन हात' लिहू नका. 'चौरस मीटरला २ लिटर, सीलबंद बादल्या मालकासमोर उघडायच्या, रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत न्यायच्या नाहीत' असं लिहा. ओली जाडी मोजायची कंगव्यासारखी पट्टी मिळते, स्वस्त असते.

दुसरं, ॲक्रिलिक उभ्या पाण्यात मऊ पडतं. ढाळ चांगला असेल तरच वर लावा. पाण्याखाली राहणाऱ्या थराला सिमेंट-पॉलिमर किंवा पीयू (पॉलियुरेथेन).

पागोळी | ११ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

शेडबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडचे पत्रे कुठल्या कुठे गेले. शेड हवी तर हव्या तशा मजबुतीने हवी: खांबाखाली १५० मिमी उंच काँक्रीटचा ओटा, तो तुळईच्या किंवा भिंतीच्या डोक्यावर, स्लॅबच्या मधे नाही. बोल्ट रासायनिक अँकरने. साध्या बोल्टाचं भोक म्हणजे गळतीला आयतं आमंत्रण. पत्रा ॲल्युमिनियम-झिंकचा, स्क्रू गंज न धरणारे, वॉशर रबरी. आणि शेड मारूनही पश्चिमेची झड कठड्यावर बसतेच, त्यामुळे तुमची पहिली गळती तशीच राहील.

तरीही स्लॅब फारच खंगलेला असेल तर शेड हाच प्रामाणिक उपाय आहे, हेही सांगतो. चिरेबंदींचा स्लॅब तितका गेलेला वाटत नाही.

ओळंबा | ११ फेब्रुवारी, रात्री ९:३०

पागोळीशी सहमत. 'आ' बद्दलही लिहून टाकतो. डांबरी मेम्ब्रेन वाईट नाही, पण ओल्या कोब्यावर नाही. उन्हात आतलं पाणी वाफ होतं, बाहेर पडायला जागा नाही, मग फुगे. तपासायला ४५ सेंमी बाय ४५ सेंमी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा, १६ तासांनी उचला. खाली थेंब किंवा गडद डाग दिसला तर थांबा. घातलीच तर ४ मिमीची, वरून खनिज दाण्यांची, बाजूने १०० मिमी आणि टोकाला १५० मिमी चढ, खाली प्रायमर. कठड्यावर वरची कड गिलाव्यात खाच पाडून आत दाबायची. गावात माकडं असतील तर सुटलेली कड ती पहिल्याच आठवड्यात उचकटतात, हे गंमत म्हणून लिहीत नाही.

चिरेबंदींसाठी क्रम:

जॅक, खालची तपासणी, मग कोबा काढणं. स्लॅब उघडा झाला की तार ब्रश, आणि दोनदा गोड्या पाण्याने धुणं. विहीर खाडीजवळची असेल आणि उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर ते पाणी चालणार नाही, ना धुण्याला ना मसाल्याला. साफसफाईला ॲसिड तर अजिबात नको, ते मिठाचंच ॲसिड आहे, क्लोराइड आपल्या हाताने आत घालाल.

भेगा इंग्रजी व्ही आकारात १० मिमी उकरून पॉलिमर मसाल्याने भरा. स्लॅब आणि कठड्याच्या सांध्यात जी भेग आहे ती उन्हाने रोज हलते, तिथे कडक मसाला टिकत नाही, पीयू सीलंट भरा. त्यावर ७५ मिमीचा गोल वाटा, म्हणजे कोपऱ्यात मसाल्याची गोलाई. काटकोनात कोटिंग वळवलं की तिथेच तुटतं.

मग सिमेंट-पॉलिमरचं दोन घटकांचं कोटिंग, स्लॅबवर आणि कठड्यावर ३०० मिमी. पृष्ठभाग ओलसर पण पाणी न चमकणारा. एक मिमी सुक्या जाडीला चौरस मीटरमागे पावणेदोन ते दोन किलो लागतात, तुम्हाला २०० किलोच्या आसपास. दोन हात एकमेकांना आडवे-उभे, मधे काचतंतूची जाळी, ती अल्कलीत न विरघळणारी घ्या. भुकटी आणि द्रव पूर्ण पॅकच कालवा, अंदाजाने अर्धा-अर्धा नको.

थापी | १२ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

ह्या सगळ्यात खुऱ्याचां कोण बोलाक नाय. पाइपाच्या तोंडाकडेच निम्मी गच्ची गळता.

खुरा म्हणजे पाइपाभोवतीचा ४५० बाय ४५० मिमीचा चौकोन. तो २५ मिमी खोल ठेवायचा, ढाळ त्यात उतरवायचा. पाइप स्लॅबच्या भोकात नुसता सिमेंटने चिकटवायचा नाही. पीव्हीसी गुळगुळीत, सिमेंट त्याला धरत नाही. पाइप पॉलिश पेपरने घासायचा, भोवती न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा पातळ मसाला) भरायचा, वरून कोटिंग पाइपाच्या आत ५० ते ७५ मिमी उतरवायचं. वर घुमटाकार जाळी. सपाट जाळी एका पानाने बंद होते.

टाकीच्या खांबालाही तोच वाटा, चारी बाजूंनी, आणि कोटिंग ३०० मिमी वर. टाकीचा ओव्हरफ्लो गच्चीवर सोडलेला असेल तर तो थेट पाइपात न्या.

चिरेबंदी | १२ फेब्रुवारी, रात्री ९:१०

पाणी साठवून चाचणी कधी करायची? ढाळाच्या थराआधी की नंतर? आणि ऊन-दवाचं काय?

ओळंबा | १२ फेब्रुवारी, रात्री १०:००

आधी. कोटिंग सात दिवस मुरल्यावर पाइपांची तोंडं बंद करा, उथळ जागी २५ मिमी पाणी येईल इतकं भरा, पातळी कठड्यावर पेन्सिलीने खुणा करून ४८ तास ठेवा. ५० मिमीच्या वर नको, तेवढं पाणीही चौरस मीटरला ५० किलो असतं, जॅक तोवर काढू नका. एक उथळ थाळी पाण्याने भरून शेजारी ठेवा. थाळीत जितकं पाणी उडालं त्याहून गच्चीवर जास्त उतरलं तर गळती आहे.

चाचणी झाल्यावर ढाळाचं काँक्रीट, एकास दीडास तीन, १० मिमी खालची खडी, गोणीला २५ लिटरच्या वर पाणी नको. सिमेंट स्लॅगचं (भट्टीची मळी मिसळलेलं) मिळालं तर किनाऱ्यावर ते बरं. ३ मीटरच्या चौकोनात घाला, मधे सांधे ठेवून नंतर सीलंट भरा. कोटिंगवर घमेली ओढू देऊ नका, गोणपाट अंथरा. दहा दिवस पाणी, मग तीन आठवडे वाळू द्या. मार्चच्या मध्यापर्यंत हा थर पडला तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वरचं ॲक्रिलिक लावता येतं. मेच्या वळवावर भरवसा ठेवू नका.

बादलीमोज्या | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

वेळ: सकाळी दव सुकल्याशिवाय ब्रश लावू नका, साधारण साडेनऊ. बारा ते तीन थांबा, तापलेल्या काँक्रीटवर ॲक्रिलिक वरून सुकतं, आतली हवा बाहेर येताना टाचणीएवढी भोकं पाडते. तीन ते पाच पुन्हा. दोन हातांत किमान सहा तास, शक्य असेल तर रात्र जाऊ द्या. रात्री वाऱ्याने मीठ बसतं, म्हणून दुसऱ्या हाताआधी ओल्या फडक्याने पुसून, सुकवून घ्या.

अवांतर: पांढरा रंग ऊन परतवतो हे खरं, पण दोन पावसांत शेवाळाने काळा होतो. दर ऑक्टोबरला नारळाच्या काथ्याच्या ब्रशने घासा, तार ब्रशने नाही.

चिरेबंदी | १३ फेब्रुवारी, रात्री ८:००

शेवटचं. वरच्या मजल्यासाठी चार कोपऱ्यांना खांबांच्या सळ्या दीड-दीड फूट सोडलेल्या आहेत, गंजलेल्या. मजला दहा वर्षं तरी नाही.

थापी | १३ फेब्रुवारी, रात्री ८:४०

त्येंका उगडे ठेव नका. पाणी सळयेच्या अंगान खाली उतारता, थेट खांबात.

गंज घासा, गंजरोधक हात द्या, सिमेंट-पॉलिमरची स्लरी लावा आणि भोवती कमी सिमेंटच्या काँक्रीटचा ठोकळा घाला, सळीच्या टोकावर ५० मिमी. माथ्याला उतार, बुडाला वाटा, बाहेरून कोटिंग. पुढे मजला चढवायचा झाला तर ठोकळा छिन्नीने निघतो. मजला नकोच असेल तर सळ्या स्लॅबच्या पृष्ठभागापासून २५ मिमी खोल कापा आणि खड्डा पॉलिमर मसाल्याने भरा. हे कोबा काढल्यावर, कोटिंगच्या आधी. नंतर केलंत तर नवं कोटिंग फोडावं लागेल.